तिथी, किनारा आणि भरतीचे गणित

मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या बांधकामांच्या अहवालांत अपोलो बंदराचे चार आकडे हमखास सापडतात. उधाणाच्या भरतीची सरासरी पातळी ४.४२ मीटर, उधाणाच्या ओहोटीची ०.७६ मीटर, भांगाच्या भरतीची ३.३० मीटर आणि भांगाच्या ओहोटीची १.८६ मीटर. या पातळ्या नौकानयनाच्या नकाशातल्या शून्यापासून मोजतात. तो शून्य मुद्दामच नेहमीच्या ओहोटीच्या खाली धरलेला असतो, म्हणजे नकाशात लिहिलेल्या खोलीपेक्षा कमी पाणी जहाजाला सहसा मिळत नाही. अभियंते या आकड्यांवरून धक्क्याची उंची ठरवतात. पण दुर्बीण हाती न घेता, निव्वळ या चार आकड्यांवरून समुद्रावर चालणारा सूर्याचा जोर चंद्राच्या किती पट आहे, तेही काढता येते.

उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत ३.६६ मीटरचा फरक पडतो, भांगाच्या दिवशी १.४४ मीटरचा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र आणि सूर्य एकाच रेषेत असल्यामुळे दोघांचा परिणाम एकमेकांत मिळतो. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात असतात आणि एकाची भरती दुसऱ्याच्या ओहोटीवर पडते. तेव्हा ३.६६ ही दोघांची बेरीज आणि १.४४ ही वजाबाकी. शाळेतल्या बीजगणिताने चंद्राचा वाटा २.५५ मीटर आणि सूर्याचा १.११ मीटर निघतो. म्हणजे सूर्याचा जोर चंद्राच्या ०.४४ पट. खगोलशास्त्राच्या हिशेबाने हेच गुणोत्तर ०.४६ येते.

मात्र त्याच हिशेबाने आणखी एक गोष्ट निघते. सगळी पृथ्वी खोल पाण्याने झाकलेली असती आणि पाणी बळाला तत्काळ प्रतिसाद देत असते, तर चंद्रामुळे पाण्याची पातळी सुमारे ५४ सेंटिमीटर आणि सूर्यामुळे सुमारे २५ सेंटिमीटर खालीवर झाली असती. दोन्ही मिळून ८० सेंटिमीटरही होत नाहीत, आणि मुंबईत पाणी साडेतीन मीटरांहून जास्त चढते-उतरते. गुणोत्तर जवळजवळ जुळते, उंची साडेचार पटींनी चुकते. भरतीचे कोणतेही विवेचन या विसंगतीपाशी येऊन थांबलेच पाहिजे. चंद्र-सूर्य भरतीचा ताल ठरवतात. पाणी किती चढेल आणि किती उशिरा चढेल, हे समुद्राचा तळ आणि किनाऱ्याचा आकार ठरवतो. या दोन अधिकारक्षेत्रांची सरमिसळ झाली की भरतीविषयीचे बहुतेक गैरसमज जन्माला येतात.

आधी आकाशाची बाजू पाहू. सूर्याचे वस्तुमान चंद्राच्या सुमारे २ कोटी ७० लाख पट आहे आणि त्याचे अंतर चंद्राच्या अंतराच्या सुमारे ३८९ पट. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाने घटते, तेव्हा पृथ्वीवरची सूर्याची ओढ चंद्राच्या ओढीच्या जवळपास १८० पट भरते. भरती नुसत्या ओढीने येत असती, तर चंद्राचा प्रभाव शोधावा लागला असता आणि बाराही महिने रोज ठरलेल्या घटकेला भरती आली असती. तसे होत नाही, कारण भरतीला ओढ कारणीभूत नसते. ओढीतला फरक कारणीभूत असतो.

पृथ्वी आणि चंद्र दोघेही त्यांच्या सामाईक गुरुत्वमध्याभोवती फिरतात. हा मध्य पृथ्वीच्या पोटातच, तिच्या केंद्रापासून सुमारे ४,६७० किलोमीटरवर आहे. या फिरण्यात अख्खी पृथ्वी सतत चंद्राकडे ‘पडत’ असते, आणि तिच्या पडण्याचा वेग केंद्रावरच्या ओढीने ठरतो. चंद्रासमोरच्या बाजूवर ओढ केंद्राहून थोडी जास्त, म्हणून तिथले पाणी केंद्राच्या पुढे जाऊ पाहते. पाठीमागच्या बाजूवर ओढ थोडी कमी, म्हणून तिथले पाणी केंद्राच्या मागे राहू पाहते. केंद्रावरून पाहिले तर दोन्हीकडे पाणी बाहेरच सरकते. दिवसात दोन भरत्या येतात त्या यामुळे.

मागच्या बाजूचा फुगवटा केंद्रोत्सारी बलाने येतो, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते. हे स्पष्टीकरण आकृतीत सोपे दिसते, पण त्यात कारण चुकीच्या जागी ठेवले जाते. पृथ्वी-चंद्राच्या सामाईक फिरण्यातून जे केंद्रोत्सारी बल हिशेबात धरतात, ते पृथ्वीच्या प्रत्येक बिंदूवर सारखेच असते. सर्वत्र सारखे असणारे बल पाण्याचा आकार बदलू शकत नाही. जागोजागी बदलते ती फक्त चंद्राची ओढ. समोरचा फुगवटा आणि पाठीमागचा फुगवटा यांचे कारण एकच आहे आणि दोघांची उंचीही जवळजवळ सारखी असते, ती त्यामुळेच.

ओढ अंतराच्या वर्गाने घटते, तर ओढीतला फरक घनाने घटतो. ३८९चा घन सुमारे ५ कोटी ९० लाख. २ कोटी ७० लाखांना त्याने भागले की ०.४६ येतात. सूर्य वस्तुमानात जिंकतो, घनाच्या नियमात हरतो.

याच हिशेबाची एक बाजू मला फार सुंदर वाटते. गोलाचे वस्तुमान म्हणजे घनता गुणिले आकारमान, आणि आकारमान व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. त्याला अंतराच्या घनाने भागले की व्यास भागिले अंतर, म्हणजे ती वस्तू आकाशात केवढी दिसते, याचा घन उरतो. अर्थात भरतीचा जोर दोनच गोष्टींवर अवलंबून आहे: वस्तू आकाशात केवढी दिसते आणि ती किती घन आहे. सूर्य आणि चंद्र आकाशात जवळजवळ एकाच आकाराचे दिसतात, म्हणून तर खग्रास सूर्यग्रहण होते. तेव्हा दोघांच्या भरतीच्या जोराचे गुणोत्तर म्हणजे साधारणपणे त्यांच्या घनतांचे गुणोत्तर. चंद्राची सरासरी घनता पाण्याच्या ३.३४ पट, सूर्याची १.४१ पट, भागाकार ०.४२, आणि सूर्याची चकती सरासरीने किंचित मोठी दिसते तेवढी दुरुस्ती केली की ०.४६. चंद्र खडकाचा आहे आणि सूर्य तप्त वायूचा, ही बातमी समुद्र महिन्यातून दोनदा किनाऱ्यावर आणून पोहोचवतो.

आता या बळाचे खरे माप. चंद्र डोक्यावर असताना पाण्याचे वजन त्याच्या भरतीजनक बलामुळे सुमारे नव्वद लाखाव्या हिश्श्याने कमी होते. एवढ्याने पाणी उचलले जात नाही. ‘चंद्र पाणी वर खेचतो’ हे वाक्य म्हणून तर दिशाभूल करणारे आहे. काम करतो तो या बलाचा आडवा घटक. उभ्या दिशेत पृथ्वीचे गुरुत्व समोर उभे असते. आडव्या दिशेत त्याला विरोध करणारे काहीच नसते, त्यामुळे तो पाण्याला पृष्ठभागावरून सरकवू शकतो. तोही इतका सूक्ष्म की त्याला तोलून धरायला पाण्याला १,००० किलोमीटरमागे सुमारे ८ सेंटिमीटर उतार पुरतो. महासागराची हजारो किलोमीटरची रुंदी असल्याखेरीज हा उतार साठून दिसण्याजोगा होत नाही. तळ्याला भरती येत नाही ती यामुळेच. माणसाच्या शरीरात पाणी पुष्कळ असते म्हणून पौर्णिमेला त्यालाही भरती येते, ही समजूतही इथेच संपते: भरतीजनक फरक वस्तूच्या लांबीच्या प्रमाणात असतो आणि माणूस पृथ्वीच्या त्रिज्येच्या तीस लाख पटींहून अधिक आखूड आहे.

बळाकडून वेळेकडे येऊ. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी मारेपर्यंत चंद्र त्याच दिशेने थोडा पुढे गेलेला असतो, म्हणून तो पुन्हा माथ्यावर यायला सरासरी २४ तास ५० मिनिटे लागतात आणि एका भरतीपासून दुसरी सरासरी १२ तास २५ मिनिटांनी येते. सूर्याचा फेरा मात्र २४ तासांचा, त्याची भरती १२ तासांची. हे दोन ताल एकमेकांपासून सरकत जातात आणि सरासरी १४.७७ दिवसांनी पुन्हा जुळतात. उधाण आणि भांग म्हणजे या दोन तालांचे जुळणे आणि फाटणे.

इथे आपल्या पंचांगाचे एक वैशिष्ट्य कामाला येते. तिथी हा दिवसांचा अनुक्रमांक नसून ते कोनाचे माप आहे. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. भरतीचा ताल ज्या कोनावर अवलंबून आहे नेमका तोच कोन पंचांग रोज छापते. चंद्राचा वेग कमीजास्त होतो म्हणून तिथी कधी वीस तासांत आटोपते, कधी सव्वीस तासांच्या पुढे लांबते. तरी कोनाशी तिचे नाते तुटत नाही. इंग्रजी तारखेवरून भरतीची वेळ सांगता येत नाही, तिथीवरून सांगता येते, त्याचे कारण हे.

हिशेब असा. १५ तिथ्यांत चंद्र सूर्यापासून अर्धे वर्तुळ पुढे जातो आणि भरतीची वेळ १२ तासांनी सरकून मूळ जागी येते. १२ तास म्हणजे ३० घटिका. तेव्हा प्रत्येक तिथीला भरती सरासरी बरोबर दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, पुढे जाते. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येते. मग पंचमी संपताना ती चारच्या सुमारास आणि अष्टमी संपताना साडेसहाच्या आगेमागे यावी. किनाऱ्यावर चालणारा जुना ठोकताळा म्हणजे तिथीची पाऊणपट करणे: पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. तो तिथीमागे ४५ मिनिटे धरतो, तीन मिनिटे कमी. अख्ख्या पक्षात मिळून चूक पाऊण तासाच्या आत राहते. मासेमारीला निघणाऱ्याला एवढे पुरते, आणि पाऊणकी तोंडपाठ असणाऱ्या पिढ्यांना त्यासाठी कागद लागत नव्हता.

प्रत्यक्षात हा उशीर रोज सारखा नसतो. उधाणाच्या दिवसांत सूर्याची भरती चंद्राच्या भरतीला आपल्या ठरलेल्या वेळेकडे धरून ठेवते, म्हणून रोजचा उशीर चाळीस मिनिटांच्याही खाली जातो. भांगात दोघे विरुद्ध असल्याने तो तासापलीकडे, कधी दीड तासाच्या जवळ पोहोचतो. शिवाय सर्वांत मोठे उधाण ठीक पौर्णिमेला येत नाही. मुंबईत ते साधारण दीड-दोन दिवसांनी, वद्य द्वितीयेच्या आसपास येते. आकाशातले बळ पौर्णिमेला शिगेला पोहोचते, पण समुद्र त्याला उशिरा उत्तर देतो. समुद्राच्या अधिकाराची ही पहिली चाहूल.

तिकडे वळण्याआधी आकाशातले आणखी दोन बदल. पहिला अंतराचा. चंद्राची कक्षा लंबगोल आहे. उपभूशी तो सरासरी ३ लाख ६३ हजार किलोमीटरवर असतो आणि अपभूशी ४ लाख ५ हजार किलोमीटरवर. फरक बारा टक्क्यांच्या आतला, पण घनाच्या नियमाने भरतीचा जोर उपभूशी जवळपास ४० टक्क्यांनी जास्त होतो. पौर्णिमा किंवा अमावास्या उपभूशी जुळली की उधाण नेहमीपेक्षा मोठे येते. सूर्याच्या बाबतीत असाच फरक सुमारे १० टक्क्यांचा, आणि सूर्य सर्वांत जवळ असतो जानेवारीच्या सुरुवातीला.

दुसरा बदल क्रांतीचा, म्हणजे चंद्र-सूर्य विषुववृत्ताच्या किती उत्तरेला वा दक्षिणेला आहेत याचा. मुंबईकर तो दर वर्षी अनुभवतात. पावसाळ्यातली मोठी उधाणे मुंबईत भर दुपारच्या सुमारास येतात, हिवाळ्यातली मध्यरात्रीच्या सुमारास. महापालिका पावसाळ्यापूर्वी मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते, तिच्यातल्या वेळा पाहिल्या की हे लगेच ध्यानात येते. कारण असे: जूनमध्ये सूर्य उत्तरेला असतो. अमावास्येला चंद्र त्याच्या सोबत, म्हणजे तोही उत्तरेला; दुपारी दोघे मुंबईच्या माथ्यापाशी येतात आणि त्यांच्या बाजूचा फुगवटा उत्तर गोलार्धात पडतो. पौर्णिमेला चंद्र सूर्यासमोर, म्हणजे दक्षिणेला असतो. पण त्याचा पाठीमागचा फुगवटा त्याच्या बरोबर उलट बाजूला, पुन्हा उत्तरेला आणि पुन्हा दुपारच्याच बाजूला येतो. अमावास्या असो वा पौर्णिमा, पावसाळ्यात दुपारची भरती मोठी आणि रात्रीची लहान. डिसेंबरात सगळे उलटते. पावसाचा जोर आणि दिवसाची मोठी भरती एकाच ऋतूत यावी, हा मुंबईच्या नालेव्यवस्थेवरचा सर्वांत मोठा ताण आहे आणि त्याचे मूळ पृथ्वीच्या कललेल्या अक्षात आहे.

आता समुद्राची बाजू. भरतीचे बल पहिल्यांदा नीट मांडले न्यूटनने, १६८७ साली. त्याआधी केप्लरने १६०९ मध्ये चंद्र समुद्राला आकर्षून घेतो असे लिहिले होते आणि गॅलिलिओने ते धुडकावून पृथ्वीच्या गतीनेच पाणी हिंदकळते असे प्रतिपादन केले होते. त्याच्या उपपत्तीप्रमाणे दिवसात एकच भरती यायला हवी होती. न्यूटनचे बल बरोबर होते. पण त्याने त्यावरून चंद्राचे वजन काढायला घेतले, तेव्हा किनाऱ्याने त्याला फसवले. ब्रिस्टलजवळ एव्हन नदीच्या मुखाशी उधाण आणि भांग यांच्या उंचीचे गुणोत्तर ९ ला ५ असे नोंदवलेले होते. त्यावरून आणि आणखी दुरुस्त्या करून त्याने चंद्राचा जोर सूर्याच्या जवळपास साडेचार पट ठरवला. खरी पट २.१७ आहे. परिणामी त्याचा चंद्र खऱ्या चंद्राच्या दुप्पट जड झाला. आपण सुरुवातीला मुंबईच्या आकड्यांवर जे गणित केले, ते न्यूटनचेच गणित. मुंबईत ते जुळले, ब्रिस्टलला जुळले नाही, कारण किनारा चंद्राच्या आणि सूर्याच्या भरतीला सारख्याच पटीने वाढवतो असे नाही.

न्यूटनच्या चित्रात पाण्याचे दोन फुगवटे चंद्राखाली स्थिर राहतात आणि पृथ्वी त्यांच्याखालून फिरते. १७७०च्या दशकात लाप्लासने या चित्रातली उणीव गणिताने भरून काढली. विषुववृत्तावर चंद्राशी बरोबरी राखायची तर फुगवट्याला ताशी सुमारे १,६०० किलोमीटर वेगाने धावावे लागेल. पण लांब लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो. महासागराच्या सरासरी ३,७०० मीटर खोलीला तो ताशी ७०० किलोमीटरही होत नाही. चंद्राची पाठ धरायला समुद्र वीस किलोमीटर खोल हवा होता. शिवाय वाटेत खंड आडवे आहेत. तेव्हा चंद्राखाली चालणारा फुगवटा खऱ्या पृथ्वीवर कुठेही नाही. चंद्र पुढे निघून जातो आणि प्रत्येक महासागर आपापल्या खोऱ्यात त्याच्या तालावर हेलकावत राहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे हा हेलकावा गोल फिरतो, आणि त्याच्या मध्यावर असा बिंदू उरतो जिथे पाणी जवळजवळ चढतही नाही, उतरतही नाही. विल्यम ह्युएलने असा बिंदू उत्तर समुद्रात असावा असे १८३०च्या दशकात मांडले आणि १८४० मध्ये प्रत्यक्ष मापनाने ते खरे ठरले. मुंबईची भरती चंद्र माथ्यावर असताना येते हा योगायोग आहे. भावनगरला त्याच चंद्राची भरती काही तासांनी पोहोचते.

अरबी समुद्रातून आलेली ही लाट भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर कशी वागते, ते पाहण्यासारखे आहे. कोचीला पाणी जेमतेम मीटरभर चढते-उतरते. मुरगावला उधाणातला फरक दोन मीटरांच्या आसपास, मुंबईला साडेतीनच्या वर आणि खंबायतच्या आखातात भावनगरला दहा मीटरांच्या घरात. चंद्र चौघांना एकच. केरळकडे भूखंडमंच अरुंद आहे, उत्तरेकडे तो रुंदावत जातो आणि मुंबईपाशी तीनशे किलोमीटरच्या आसपास पसरतो. उथळ पाण्यात लाटेचा वेग कमी होतो आणि तीच ऊर्जा उंचीत साठते. पुढे खंबायतचे आखात नरसाळ्यासारखे निमुळते होते आणि पाणी बाजूंनी दाबले जाऊन चढते. त्यातच आणखी एक कारण मिसळते, अनुनादाचे. प्रत्येक खोऱ्यातल्या पाण्याचा हेलकाव्याचा स्वतःचा एक काळ असतो. तो १२ तास २५ मिनिटांच्या जवळ आला, तर झोपाळ्याला लयीत दिलेल्या लहान झोक्यांप्रमाणे प्रत्येक भरती आधीच्या भरतीत भर घालते. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात, जिथे भरती-ओहोटीतला फरक सोळा मीटरपर्यंत जातो, हा काळ सुमारे तेरा तासांचा आहे. खंबायतच्या भरतीची ख्याती जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भरुचला येणाऱ्या जहाजांना तिथल्या भरतीपासून असलेल्या धोक्याचे तपशीलवार वर्णन आहे.

किनाऱ्यावरच्या माणसांनी आपली अवजारे या फरकाला जुळवून घेतली आहेत. सातपाटी, वसई, वर्सोवा इथे डोल जाळे चालते. हे पिशवीसारखे जाळे खुंट्यांना बांधून प्रवाहाच्या तोंडावर उभे करतात. माशाच्या मागे जायचे नसते, भरती-ओहोटीचा प्रवाहच बोंबील आणि जवळा आत आणून सोडतो. साहजिकच उधाणाच्या दिवसांत जाळी लागतात आणि भांगात पाणी मंदावले की ती बाहेर काढतात. दक्षिणेला सिंधुदुर्गात पाण्याला तेवढी ओढ नाही, तिथे माणसांनी किनाऱ्यावरून ओढायची रापण आहे. गोव्यातली खाजण शेतीही दोन मीटरांच्या भरतीवर उभी आहे. मातीचे बांध खारे पाणी अडवतात, आणि बांधातल्या मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. दहा मीटरांच्या भरतीपुढे ही रचना टिकली नसती.

किनारा सगळेच बदलतो, तर भाकीत करायचे कसे? लाप्लासच्या गणितात याचे उत्तर आहे. समुद्र भरतीची उंची बदलतो, वेळ बदलतो, पण बळाचा कालावधी बदलू शकत नाही. चंद्राचे १२.४२ तास, सूर्याचे १२ तास, चंद्राच्या बदलत्या अंतरामुळे येणारे १२.६६ तास, क्रांतीमुळे येणारे २३.९३ आणि २५.८२ तास, असे डझनावारी ठरीव ताल आकाशात आहेत. प्रत्येक ताल एखाद्या बंदरात किती उंच आणि किती उशिरा उमटतो, हे तिथल्या नोंदींवरून एकदा काढले की सगळ्यांची बेरीज करून पुढच्या कितीही वर्षांची भरती सांगता येते. चंद्राच्या कक्षेचे पात, म्हणजे ती सूर्यमार्गाला छेदते ते बिंदू, १८.६ वर्षांत एक फेरी करतात आणि त्यानुसार मुख्य ताल सुमारे पावणेचार टक्क्यांनी कमीजास्त होतो. म्हणून एकोणीस वर्षांची सलग नोंद आदर्श मानतात.

विल्यम थॉमसन, म्हणजेच लॉर्ड केल्व्हिन, याने ही पद्धत १८६०च्या दशकात उभी केली आणि १८७०च्या दशकात कप्प्या आणि तारांनी ही बेरीज करणारे यंत्र बनवले. या शास्त्राच्या इतिहासात भारताची जागा मोठी आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या बेअर्ड या अधिकाऱ्याने कच्छच्या आखातापासून सुरुवात करून देशभर भरतीमापके बसवली. अपोलो बंदराच्या नोंदी १८७८ पासून मिळतात आणि त्या आशियातल्या सर्वांत जुन्या लांब नोंदींपैकी आहेत. १८७९ मध्ये एडवर्ड रॉबर्ट्सच्या आराखड्यावरून खास भारतीय बंदरांसाठी लंडनमध्ये भरतीयंत्र तयार झाले. ते पुढे देहरादूनला आले, आणि सर्वेक्षण विभाग आजही दर वर्षी भरतीची कोष्टके प्रसिद्ध करतो. हाजी अलीच्या दर्ग्याची वाट किती वाजता पाण्याखाली जाईल, हे वर्षभर आधी सांगता येते ते या परंपरेमुळे.

कोष्टकाला हवामान मात्र कळत नाही. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की पाणी सुमारे एक सेंटिमीटर चढते. वारा किनाऱ्याकडे असेल तर त्याहून पुष्कळ जास्त. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पौर्णिमा २१ जुलैला होऊन गेली होती आणि उधाणाचा भर ओसरू लागला होता, तरी दुपारच्या भरतीने नाल्यांची आणि मिठी नदीची तोंडे दाबून धरली. त्या दिवशीची भरती कोष्टकात आधीच छापलेली होती, पाऊस नव्हता. दोन्ही एकाच वेळी हिशेबात धरणारी पूरव्यवस्था हवी, असे या शहरातल्या प्रत्येकाने आग्रहाने म्हणायला हवे.

आतापर्यंत आकाश देते आणि समुद्र घेतो असेच आपण पाहिले. पण हा व्यवहार उलट दिशेनेही चालतो. उथळ समुद्रांच्या तळाशी आणि खोल समुद्रातल्या डोंगररांगांवर भरतीचे पाणी घासते आणि त्यात सुमारे ३७ लाख मेगावॉट इतकी शक्ती सतत खर्च होते. ती पृथ्वीच्या फिरण्यातून येते. भरतीमुळे दिवस शंभर वर्षांत सुमारे २.३ मिलिसेकंदांनी लांबतो. पृथ्वीने गमावलेला कोनीय संवेग चंद्राच्या कक्षेत जमा होतो, आणि चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर दूर जातो. १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेसरचे किरण टाकून हा आकडा मोजला गेला आहे. १९६३ मध्ये जॉन वेल्सने डेव्होनियन काळातल्या प्रवाळांवरच्या वाढीच्या रेषा मोजल्या तेव्हा वर्षाचे सुमारे ४०० दिवस निघाले, म्हणजे त्या काळी दिवस बावीस तासांचा होता.

घर्षणाचे आजचेच प्रमाण कायम धरून, आणि चंद्र जवळ असताना भरतीचा जोर वाढतो हेही हिशेबात घेऊन मागे मोजत गेलो, तर सुमारे दीड अब्ज वर्षांपूर्वी चंद्र पृथ्वीला चिकटलेला निघतो. चंद्राचे वय साडेचार अब्ज वर्षे आहे. हा विरोध सुटतो तो समुद्राकडे पाहिल्यावर: आजच्या उत्तर अटलांटिकचा हेलकाव्याचा काळ चंद्राच्या तालाच्या जवळ आहे, म्हणून आजचे घर्षण नेहमीपेक्षा जास्त आहे. खंड वेगळ्या जागी होते तेव्हा खोरी वेगळी होती, घर्षण कमी होते आणि चंद्र हळू सरकत होता. चंद्र आज जिथे आहे, तिथे तो का आहे, याचे उत्तर काढायला गेल्या साडेचार अब्ज वर्षांतल्या किनाऱ्यांचे नकाशे लागतात, आणि संशोधक सध्या तेच जोडून पाहत आहेत.